मामा, परिमाण?

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात जास्त फुगलो ते आम्ही कारकून. कालपर्यंत उस्मानाबादला जाऊन साहेबांच्या दारात ताटकळणारे आम्ही, एका सहीसरशी जिल्ह्याच्या ठिकाणचे झालो. मी शिरूर अनंतपाळचा. आमच्या घराण्यात सरकारी टेबलामागं बसलेला पहिला माणूस मीच, त्यामुळं फुगायला मला जरा जास्तच मुभा होती. टंचाई शाखेत कनिष्ठ लिपिक. नवा जिल्हा आणि कोरडं आभाळ बरोबरच आलेलं. गावोगाव टँकर धावायचे आणि कुठला टँकर कुठं, किती वाजता रिकामा झाला ह्याची नोंद ठेवणं हे माझं काम. माझं अक्षर फार सुंदर होतं. हे मी म्हणत नाही, साहेब म्हणायचे. मी फक्त दिसेल त्याला सांगायचो.

तर एका दुपारी, एका खेड्याच्या वेशीवर, टँकर भरलेला आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं माझ्या मनात आलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. टँकरवाला म्हणाला, "सायब, नुस्तं वाजवून बगा की. भरल्याला बद्द वाजतंय." हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी पडलो जिल्ह्याच्या ठिकाणचा. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय सही करणार नाही म्हणालो, शिडीनं वर चढलो, झाकण उचललं, वाकून पाहिलं. टँकर काठोकाठ भरलेला होता. पाणी बघून मला इतका आनंद झाला की पाय कुठं ठेवतोय ह्याचं भान राहिलं नाही. पडता पडता मी "बरोबर आहे" असं ओरडलो, असं तो टँकरवाला पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला. साफ खोटं. मी "आई गं" म्हणालो होतो.

मांडीचं हाड मोडलं. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, नांदेडला राहायची. दाजी रेल्वेत होते. "लातुरात तुजं कोन बगनार हाय? इकडंच आना त्याला," असा अक्कानं निरोप धाडला. मग चारा आणायला नांदेडकडं निघालेल्या एका ट्रकच्या केबिनमध्ये, पायाला फळ्या बांधून, मी जिल्हा सोडला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी नावं ठेवली. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "सायब, खड्डे बी तुमच्याच सरकारचे हायत."

नांदेडच्या दवाखान्यात माझा पाय दोरीनं टांगून खाली वजन बांधलं आणि दीड महिना असंच पडून राहायचं म्हणून सांगितलं. उठायचं नाही, बसायचं तर अर्धंच. मान वळवली की शेजारची खाट दिसायची, तीही कंबरेपर्यंतच. पलीकडं माझाच टांगलेला पाय आडवा यायचा. वॉर्डात पुरुषांच्या वीस-बावीस खाटा, त्यातल्या माझ्या बाजूच्या सहा. पाणी ड्रमात यायचं, ड्रमावर झाकण आणि झाकणावर एक मावशी बसलेली. दर तांब्यामागं ती आपल्या तोंडाकडं बघायची.

वॉर्डाच्या सिस्टर नवीन होत्या, नाशिककडून बदलून आलेल्या. बारीक, चटपटीत, आणि डोक्यात एक कल्पना घेऊन आलेल्या. आल्या आठवड्यात त्यांनी वॉर्डाच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "हे बघा, तुमचं शरीर तुम्हाला जितकं कळतं तितकं मला कळणार नाही. म्हणून आजपासून प्रत्येकानं आपल्या दुखण्याकडं स्वतः लक्ष द्यायचं. रोज सकाळी मला सांगायचं, झोप किती लागली, लघवी झाली का, आणि दुखतंय किती. त्यावरून मी गोळ्या-इंजेक्शनचं ठरवणार."

कोपऱ्यातून आवाज आला, "सगळं आमीच करावं तर मंग तुमी काय करनार?"

वॉर्ड हसला. सिस्टरही हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. दुखणं मोजायला त्यांनी एक माप आणलं होतं: शंभरपैकी किती दुखतंय ते सांगायचं. झालं! एकानं विचारलं, पास व्हायला किती लागतात. दुसरा म्हणाला, मी शाळेत गेलोच न्हाई, मला कशाला परीक्षा. सिस्टरांचं तोंड पडलं. मला त्यांची दया आली आणि, खरं सांगायचं तर, स्वतःचं ज्ञान दाखवायची संधीही दिसली. मी त्या दिवसापासून कान टवकारून पडलो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवर मुदखेडचे मामा आले. मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत, वयानं मोठे म्हणून मामा. दुष्काळात विहिरी खोल करायची कामं निघाली होती, आणि मामा त्या कामातले तरबेज. दोराला धरून उतरायचं, पायाच्या बोटांनी दगडातल्या खाचा पकडायच्या, आत गाळ भरून वर पाठवायचा. असाच वरून एक दगड सुटला आणि नडगीवर बसला. गुडघ्यापासून खाली प्लास्टर घालून त्यांना आणलं. पाय म्हणजेच त्यांचं काम होतं. आल्या आल्या त्यांनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, "डाक्टर, पाय ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की. पण दुखणं वाढलं, काही वेगळं वाटलं, तर लगेच सांगायचं. गप्प बसायचं नाही."

"सांगतो," मामा म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर त्यांच्यापाशी आल्या आणि भीत भीतच म्हणाल्या, "मामा, कसं आहे? किती?"

मामांनी जरा विचार केला. "आठ आणे हाय बगा."

सिस्टरांचा चेहरा उजळला. "आठ आणे! म्हणजे सोळापैकी आठ. निम्मं दुखतंय. वा, किती छान सांगितलंत!" मामा नुसतेच बघत राहिले, बाई कशाला इतक्या खूश झाल्या ते त्यांना कळेना. पण सिस्टरांना माप सापडलं होतं. त्या दिवसापासून वॉर्डात दुखणं आण्यांत मोजायचं ठरलं, आणि लोकांनाही ते पटलं. आणे काय, सगळ्यांच्या तोंडातले.

इथं मी पुढं सरसावलो. टांगलेल्या पायानं जितकं सरसावता येतं तितकं. म्हणालो, "सिस्टर, आपल्यावर कामाचा बराच भार आहे. माझ्या बाजूच्या सहा खाटांची नोंद मी ठेवत जाईन. मी जिल्हाधिकारी कार्यालयात असतो." शेवटचं वाक्य मी हळू म्हणायचा प्रयत्न केला होता, पण ते साऱ्या वॉर्डानं ऐकलं.

अक्काकडून मी एक जाड वही, पट्टी आणि दोन रंगांची पेनं मागवली. अक्का म्हणाली, "अरं, दवाखान्यात आराम करायला आलास का हापिस मांडायला?" मी तिला समजावलं की अशा गोष्टी तिला कळणार नाहीत. वहीत रकाने पाडले. अनुक्रमांक, खाट क्रमांक, निद्रा, मूत्रविसर्जन, वेदनेचे परिमाण, शेरा. 'परिमाण' हा शब्द माझा मीच योजला होता. 'किती दुखतंय' हे काय रकान्याच्या डोक्यावर लिहायचं असतं? सिस्टरांनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर ऑफिसच उभं केलंत, लिपिकसाहेब." त्या एका वाक्यावर मी पुढचे पाच दिवस जगलो.

आणखी एक सांगितलं पाहिजे. सिस्टरांसमोर मी जे मराठी बोलायचो ते माझ्या बापजन्मात कुणी बोललं नव्हतं. शिरूरला 'काय करालाव' म्हणणारा मी, तिथं 'आपली प्रकृती कशी आहे' म्हणायला लागलो. अक्का आली तरी तिच्याशीही तसंच. ती एकदा डबा तसाच घेऊन परत निघाली होती. "ताप डोस्क्यात गेलाय ह्येच्या," म्हणाली.

रोज सकाळी सातला माझी फेरी व्हायची. म्हणजे फेरी माझी आणि आवाजही माझाच, मी जागच्या जागी. सहा जणांना पूर्ण प्रश्न विचारायला वेळ लागतो, म्हणून मी तो आखूड केला. "खाट क्रमांक नऊ, परिमाण?" असं मी पुकारायचो. पलीकडचे चौघे पक्के होते. ते परिमाण-बिरिमाण काही ऐकायचेच नाहीत. "मरायलोय मी, सोळा आणे लिवा!" म्हणून बोंब मारायचे, कारण सोळा आण्याला इंजेक्शन मिळतं हे त्यांना बरोबर कळलेलं. मी त्यांचं लिहायचो आणि मनातल्या मनात नाक मुरडायचो. पाचवा मी. स्वतःच्या रकान्यात मी 'सहा आणे, सहनशील' असं लिहायचो.

मामा मात्र आदर्श होते. "मामा, परिमाण?" म्हटलं की दोन क्षण डोळे मिटून घ्यायचे आणि अंदाज घेऊन सांगायचे. पहिल्या दिवशीचे आठ आणे होतेच. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सहा आणे." तिसऱ्या दिवशी, "चार आणेच म्हना की." मी लाल पेनानं छान उतरता आकडा काढला आणि शेऱ्यात लिहिलं, 'प्रगती समाधानकारक.' मामा मान उंचावून माझ्या हाताकडं बघायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. मी लिहिलं की त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसायचा. ते म्हणायचे, "लिवलं न्हवं, सायब?" मी म्हणायचो, "लिहिलं, मामा."

सिस्टर पहिले दोन दिवस त्यांच्या प्लास्टरबाहेरची बोटं दाबून बघत होत्या. तिसऱ्या दिवसापासून गावोगावचे हगवणीचे पेशंट यायला लागले. कुठंतरी विहिरीच्या तळचं गढूळ पाणी लोक प्यायले होते. खाटा संपल्या, जमिनीवर सतरंज्या आल्या, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. सिस्टर दिवसभर पळत होत्या. दारातूनच मला विचारायच्या, "लिपिकसाहेब, तुमच्या सहा खाटा?" आणि मी छातीवरची वही उघडून वाचायचो. मामांचे आणे उतरत गेले तशा सिस्टरांनी त्यांच्या गोळ्याही उतरवल्या. चौथ्या दिवशी मामा म्हणाले, "दोन आणे," आणि त्यांची गोळी बंद झाली.

त्या दुपारी मामांनी मला हाक मारली. "सायब, गोळी बंद केली व्हय?"

"हो मामा. सुधारणा आहे ना, म्हणून."

मामा जरा वेळ वर पंख्याकडं बघत राहिले. मग "बरं" म्हणाले.

ह्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. माणूस जेवत नव्हता. मामींनी पहिल्या दिवशी आणून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी तशीच डब्यात होती. "खा की सायब, मला जाईना," म्हणाले, आणि मी ती खाल्ली. सगळी खाल्ली. अंग गरम होतं. मी म्हटलं उन्हाळा आहे, सगळ्यांचीच अंगं गरम आहेत. दात आवळून पडायचे, मी म्हटलं काय हा माणसाचा निग्रह, आणि पलीकडच्या चौघांना ऐकू जाईल असं म्हणालो, "शिका काहीतरी मामांकडून." पायावर माश्या बसतात म्हणून मामा धोतराचा सोगा टाकून ठेवायचे, आणि माझ्या पायाआडून मला तसंही काही दिसत नव्हतं. पण हे मी आता सांगतोय. तेव्हा दिसलं असतं तरी मी वहीतच बघितलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी पुकारलं, "मामा, परिमाण?"

मामांच्या ओठांना कोरड पडली होती. हळूच म्हणाले, "आज काईच न्हाई बगा, सायब. काई म्हंजी काईच न्हाई."

काय आनंद झाला मला! कचेरीत ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं तिथं आम्ही 'निरंक' लिहितो. फार देखणा शब्द. मी तो सावकाश, वळणदार काढला. निरंक. शेरा, उत्तम. सिस्टरांनी दारातून विचारलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, "मामा निरंक!"

दुपारच्या गाडीनं मामी आल्या. पहिल्या दिवशी नवऱ्याला पोहोचवून गेलेल्या त्या परत येऊ शकल्या नव्हत्या. गावात टँकर कधी येईल त्याचा नेम नाही आणि घागरी घेऊन उभं राहायला घरात दुसरं कुणी नाही. येताना एका डब्यात घरून पाणी आणलं होतं, नवऱ्याचे पाय धुवायला. मला म्हणाल्या, "भाऊ, जरा तिकडं तोंड करा." मी तोंड फिरवलं. त्यांनी सोगा बाजूला केला.

आणि मग मामी म्हणाल्या, "ह्ये बोटं थंडगार कशी हो? आन काळी का पडल्यात?"

सिस्टर धावत आल्या. बोटं बघितली, दाबली, आणि त्यांनी जो आवाज दिला तसा मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. डॉक्टर आले, प्लास्टर कापायची कात्री आली. आत पाय सुजून प्लास्टरला आवळून गेला होता, रक्तच जात नव्हतं. प्लास्टर उघडलं तसा वास आला. डॉक्टर मामांवर ओरडले, "अहो, इतकं दुखत असेल, बोलला का नाही? सांगितलं होतं ना गप्प बसायचं नाही म्हणून!"

"म्या गप न्हाई बसलो, डाक्टर," मामा म्हणाले. "रोज सांगितलं की. पयल्या दिशी आठ आणे आराम व्हता. मंग सहा आणे. मंग चार, मंग दोन. आज तर काईच आराम न्हाई म्हनलो. ह्ये सायब इचारायचे, औषदाचा परिनाम किती हाय? म्या सांगायचो. सायबांनी लिवून बी घेतलं." आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. तक्रार म्हणून नव्हे. साक्षीदार दाखवतात तसं.

आठ आणे आराम. अहो, माझी माय जन्मभर दुसरं काही बोलली नाही. ताप उतरला की "आता बारा आणे आराम हाय लेकरा," डोकं चढलं की "चार आणे बी आराम न्हाई." आमच्याकडं दुखणं कुणी मोजत नाही; आराम मोजतात. हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आणि मी गाढव, सिस्टरांना माझं मराठी दाखवण्याच्या नादात तेवढंच विसरून बसलो होतो. 'किती दुखायलंय मामा?' एवढं विचारलं असतं तरी पाय वाचला असता. पण मी पुकारायचो परिमाण. मामांना ऐकू यायचं परिणाम.

डॉक्टरांनी सिस्टरांकडं बघितलं. "पेशंट तुमचे की ह्यांचे? पाय बघत होता की वही?" सगळ्या वॉर्डासमोर, हातात ती कात्री धरून सिस्टर खाली बघत उभ्या राहिल्या. तीन दिवस घरी न गेलेली बाई. मी बोलायला पाहिजे होतं. त्याऐवजी माझ्या हातानं काय केलं सांगू? माझ्या हातानं वही हळूच उशीखाली सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आपोआप गेला.

मामांना आत नेलं. पाय ठेवतील की कापतील ते सांगता येत नाही म्हणाले. मामी दाराशी भिंतीला टेकून बसल्या. त्यांचा पाण्याचा डबा माझ्या खाटेखालीच राहिला होता. वॉर्डातले ते पलीकडचे चौघेही त्या दिवशी सोळा आणे ओरडले नाहीत. आणि मी पडल्या पडल्या उजळणी करत होतो. आठ लिहिलं तेव्हा निम्मा आराम होता. चार लिहिलं तेव्हा बारा आणे दुखत होतं आणि मी लिहिलं प्रगती. निरंक लिहिलं तेव्हा सोळाच्या सोळा आणे दुखत होतं. स्वतःच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा इतका घाबरलो नव्हतो.

संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी शाळेतल्यासारखा हात वर केला. म्हणालो, "साहेब, सिस्टरांची चूक नाही. मी विचारायचो. मी चुकीचं विचारलं आणि चुकीचं लिहिलं." वही काढून पुढं धरली. लाल आकडे, पट्टीनं आखलेल्या रेघा. डॉक्टरांनी वहीला हातही लावला नाही. "तुम्ही पेशंट आहात," ते म्हणाले, "झोपा." आणि पुढच्या खाटेकडं गेले. आयुष्यात इतकी छोटी शिक्षा मला कुणी केली नव्हती आणि इतकी लागलीही नव्हती.

सिस्टर नंतर पाणी द्यायला आल्या. मी माफी मागायला लागलो, अगदी शुद्ध भाषेत, 'माझ्याकडून अक्षम्य' वगैरे. त्या म्हणाल्या, "विचारायचं माझं काम होतं. मी ते तुम्हाला देऊन टाकलं. तुम्ही बोलू नका आता." डोळे लाल झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या स्वतः प्रत्येक खाटेशी जायला लागल्या, जमिनीवरच्या सतरंजीवरच्याशीसुद्धा खाली बसून बोलायच्या, आणि विचारायच्या, "किती दुखायलंय?" त्यांच्या तोंडी तो शब्द जरा विचित्रच लागायचा. पण लोक त्यांना सगळं सांगायचे.

मामांचा पाय राहिला. दोन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. डॉक्टर म्हणाले नशीब समजा. मामींनी हात जोडले. मला विहिरीतल्या खाचा दिसत होत्या, आणि त्या धरतात ती हीच दोन बोटं, हे मला मामांनीच हौसेनं सांगितलेलं.

त्यांना परत शेजारच्या खाटेवर आणलं त्या दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. ह्या वेळी आमच्या भाषेत. "मामा, तुमी आराम सांगायलाव आन मी दुखणं लिवायलो. परिणाम न्हाई, परिमाण म्हनत व्हतो मी. माजीच चूक हाय. माज्यामुळं झालं ह्ये." बोलता बोलता मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून तोंडावर हात घेतला, पण खांदे हलले की टांगलेला पायही हलायचा आणि वजन खाटेवर ठकठक आपटायचं. साऱ्या वॉर्डाला कळलं की सायब रडायलेत.

मामांनी माझ्याकडं मान वळवली. मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या सायब, नशिबात व्हतं. आमच्याकडची माणसं असंच म्हणतात, आणि मी त्याचीच वाट बघत होतो. मामा तसं काही म्हणाले नाहीत. बराच वेळ त्यांनी मला नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. मग म्हणाले, "एकडाव वाचून दावायचं व्हतं, सायब. म्या आयकलं असतं." आणि मान परत पंख्याकडं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जखम ठणकत होती, ते त्यांच्या श्वासावरूनच कळत होतं. मी हळूच विचारलं, "मामा, लई दुखायलंय का? सांगू का मी सिस्टरला?"

"तुमी ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले.

मग ते दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठले, तांबड्या डोळ्यांनी वॉर्डाच्या दाराकडं बघितलं, आणि विहिरीच्या तळातून वरच्या माणसाला हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं ओरडले, "ओ सिस्टरबाई! हिकडं या! दुखायलंय मला, लई दुखायलंय! माज्या तोंडानं सांगायलोय, आयका!"

सिस्टर हातातलं सगळं टाकून धावत आल्या. मामींनी खाटेजवळ त्यांना जागा करून दिली. मामा त्यांना कुठं, कसं, कधीपासून ते बोट लावून लावून सांगत राहिले, आणि सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.